गेटवरची आई

गेले तीन महिने माझ्या वर्गातल्या ओवीची आई शाळा सुटताना रोज गेटवर हजर! हातात गरम थालीपिठांचा डबा. आणि माझी आई? फायलींमध्ये. दोघी एकाच सरकारी ऑफिसात, तरी हे असं! माझा नुसता जळफळाट होतो.

"त्यांची युनियनमध्ये ओळख असणार," आज मी आईला सुनावलंच. "जणू ऑफिसच नाही त्यांना!"

मेथी निवडणारे आईचे हात थांबले. "नाहीच आहे. सस्पेंड केलंय तिला."

"का?"

"साहेब आणि युनियनचे अध्यक्ष संगनमताने विरोधकांच्या लांब बदल्या करतात, असा तक्रार अर्ज दिला म्हणून."

"एकटीने? बाकीचे काय शेपूट घालून बसले होते?"

आई खाली बघत म्हणाली, "अर्जावर दोन सह्या होत्या. युनियनवाले घरी येऊन दम देऊन गेले, आणि मी माझी मागे घेतली."

मी तिच्यासमोरची मेथीची एक काडी उचलली.

"ती बोलते तुझ्याशी?" आईने हळूच विचारलं.

"रोज. एक थालीपीठ माझ्यासाठी वेगळं बांधून आणतात."