जोवर ही मशीन

"काका, खरं सांगा. अजून किती वर्षं चालेल ही?" शालूने विचारलं. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरनेही लॅपटॉपवरून मान वर केली.

"दहा वर्षं तं कुठंच गेली नाई, ताई," राजकुमार म्हणाला.

प्रश्न तुमसरच्या त्या राइस मिलमधल्या सॉर्टरचा होता. पांढऱ्या तांदळातला काळा-पिवळा दाणा हेरून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारी मशीन. मशीन धडधाकट होती, दुखणं तिच्या कॉम्प्युटरचं होतं. त्याच्यावर ओएस टू नावाची जुनी प्रणाली चालायची. ती प्रणाली बनवणाऱ्यांनीच तिला वाऱ्यावर सोडून वीस वर्षं होत आली होती. बावीस वर्षांपूर्वी परदेशातून वापरलेली ही मशीन मिलमध्ये आली, तेव्हापासून राजकुमार तिच्यापुढे बसत होता. ती प्रणाली जाणणारा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं त्याला वाटे. शालूचे वडील भैय्याजी तर म्हणायचे, "जोवर ही मशीन, तोवर राजकुमार." पण आता भैय्याजी थकले होते, मिल शालू बघत होती आणि मार्चमध्ये राजकुमारला साठ वर्षं पूर्ण होत होती. बायको जाऊन चार वर्षं झालेली. सकाळी उठून घरात नुसतं बसायचं, हे त्याला नको होतं.

"मॅडम, याला भविष्य नाही," इंजिनिअर म्हणाला. "पार्ट मिळत नाहीत. उद्या बंद पडली तर बोलावणार कोणाला?"

"मले," राजकुमार म्हणाला. "पाच वाजता मी घरी जातो, मिल दहापर्यंत चालते. वर्षभरात दोनदा फोन आला, ताई. दोनदाच. सायकल काढली, आलो, पाच मिनिटांत चालू करून देल्ली."

"पण काका, तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर कायले? मी हाओ ना."

तेवढ्यात लाइट गेली. ऑफिसातला पंखा थांबला. मागच्या शेडमधली घरघर थांबली. दोन मिनिटांनी लाइट आली, तसा राजकुमार उठला. मनातून त्याला बरंच वाटलं.

"चला, दाखवतोच तुमाले."

वाळत घातलेल्या धानाच्या कडेकडेने तिघे शेडकडे निघाले. चालता चालता तो सांगत होता. लाइट जाऊन आली की कॉम्प्युटर आधी एक प्रश्न विचारतो. मग थोडा वेळ स्वतःलाच तपासत बसतो. तिथे चुकीची कळ दाबली की मशीनची सगळी सेटिंग पुसली जाते. "दुसऱ्यानं हात लावला का वाटोळं झालंच समजा."

दाराशी पोचेपर्यंत फटफट आवाज कानावर आला. सॉर्टर चालू होता. खाली पांढराशुभ्र तांदूळ पडत होता. आणि कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे, काखेत झाडू धरून, बायजाबाई उभी होती.

शेडमधला कोंडा झाडणारी बायजाबाई. मालकीण दिसताच तिने कीबोर्डवरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"कोणी चालू केली?" शालूने विचारलं.

बायजाबाईने तिच्याकडे पाहिलं, इंजिनिअरकडे पाहिलं, मग राजकुमारकडे.

"म्या. भाऊनं शिकवलं होतं मले."

शालूचा चेहरा खुलला. "काका, हे आधी नाही का सांगायचं? मग तर प्रश्नच मिटला!"

राजकुमारने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्याला स्वतःचाच आवाज आठवला. तिकडं झाडून घे. इकडं पाय नको ठेवू. रोजचा आवाज, बावीस वर्षांचा.

"नाई, ताई," तो म्हणाला. "खोटं बोलून राहिली ते. मी तं तिले खुर्चीमागं उभीबी राहू देत नव्हतो."

मग शालू बायजाबाईजवळ गेली. "घाबरू नका. किती वेळा अडते ही?"

"हप्त्यातून दोन-तीनदा," बायजाबाई पदराचं टोक पिळत म्हणाली. "पाच वाजल्यावर जास्त. लाइट नाई गेली तरीबी अडते. पाहून पाहून शिकली मी, ताई. डावीकडून तिसरी कळ दाबाची, मंग गप उभं राहाचं."

इंजिनिअरला आता काही बोलायची गरजच उरली नव्हती. शालूने तिथेच ठरवलं. हा हंगाम जुनीवर काढायचा, होळीपर्यंत नवी बसवायची.

"ट्रेनिंगसाठी एक नाव लागेल," इंजिनिअर म्हणाला.

शालूने राजकुमारकडे पाहिलं. तो इंजिनिअरकडे वळला.

"बायजाबाईचं लिहा."

"पूर्ण नाव?"

ते राजकुमारला माहीत नव्हतं. बायजाबाईने स्वतःच सांगितलं.

दोघं निघून गेली. मशीन चालत होती. राजकुमार खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, बसला नाही.

"एवढ्या वेळा अडली तं मले काहून नाई बोलावलं?"

"घडीघडी बोलावलं असतं तं भैय्याजीले समजलं असतं का मशीन गेली. मंग नवी आणली असती. तुमी कुठं गेले असते, भाऊ?"

"तुले काय करायचं होतं माझं?" तो म्हणाला. "मी कधी धड बोललो तुयासंग?"

बायजाबाईने काखेतला झाडू हातात घेतला आणि पायाशी साचलेला कोंडा ओढायला सुरुवात केली.

"ही मशीन आली तवा आमी बारा जणी इथं तांदूळ निवडाले बसत होतो," ती म्हणाली. "अकरा जणी त्याच दिवशी घरी गेल्या."