वर्षभराचा रंग

नवनाथने बॉनेटच्या कडेला नख लावलं, तशी पापुद्र्यासारखी एक पातळ पट्टी अलगद सुटून त्याच्या हातात आली. ती उन्हात धरून त्याने सयाजीरावांना दाखवली.

"काका, रंग न्हाई गेला. रंगावरचं लॅकर गेलंय, वरचा चमकीचा थर. उन्हानं सुटलाय. टपावर तर काहीच राहिलं न्हाई."

सयाजीरावांनी मान हलवली. चाकणच्या कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला त्यांचं आयुष्य गेलं, आणि गाडीचं कंपनीच्या पार्किंगमध्ये, शिफ्ट संपेपर्यंत उन्हात उभं राहून. आता निवृत्तीनंतर ती फक्त दवाखान्याच्या वाटेवर धावत होती.

सुमनताई पुढच्या सीटवर दार उघडं ठेवून बसल्या होत्या. केस गेल्यापासून त्या डोक्याला सुती स्कार्फ बांधत. औषध चढवलं की पुढचे काही दिवस त्यांना उठवत नसे. आज जरा बरं वाटत होतं, म्हणून दिघीला बहिणीकडे जायचं त्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. वाटेत चिखलीला नवनाथच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवू, असं सयाजीराव म्हणाले आणि ते इथे थांबले.

"स्वस्तात काय होईल?" सयाजीरावांनी विचारलं.

"तसे लई प्रकार हायेत. नुसतं रबिंग-पॉलिश मारलं तर तासाभरात गाडी मोकळी, पण चट्टे दिसणार. बॉनेट आन् टप घासून तेवढ्यालाच रंग दिला तर वर्षभर निघंल, मंग कडा परत सुटत्यात. आन् सगळी गाडी घासून, अस्तर मारून नीट केली, तर सहा-सात वर्षं बघायला नको." हात पुसत नवनाथ म्हणाला, "गाडी अजून किती वर्षं ठेवायचीय, त्याच्यावर हाय सगळं."

"ठेवायचीय की!" सयाजीराव जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. "सहा-सात वर्षं तर कुठंच गेली नाहीत. सगळी गाडी कर."

"वर्षाचं बास झालं," गाडीतून आवाज आला.

सयाजीराव नवनाथकडे बघून हसले. "हिची काटकसर पहिल्यापासून अशीच."

डॉक्टरांनी सयाजीरावांना एकट्याला आत बोलावलं, त्याला महिना झाला होता. औषध लागू पडत नव्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या सुमनताईंना मात्र सयाजीरावांनी सांगितलं, गाठ विरघळतेय म्हणाले डॉक्टर. तेव्हापासून घरात ते असंच मोठ्याने बोलत. बंगळूरच्या नातवाच्या शाळेचं बोलत, गावाकडे बांधायच्या खोलीचं बोलत. काल गाडी पुसताना फडक्याला पापुद्रे चिकटून आले, तेव्हा त्यांना वाटलं, निदान एवढं तरी आपल्याला नीट करून घेता येईल.

"किती दिवस लागतील?"

"आठ दिवस तरी ठेवा. हवा दमट हाय. एकेक हात वाळू द्यावा लागतो."

"ठेवतो. आठ दिवस आम्ही रिक्षाने जाऊ." सयाजीराव गाडीच्या दाराशी वाकले. "काय, जाऊ ना?"

रस्त्यावरून सळया भरलेला टेम्पो खडखडत चालला होता. तो जाईपर्यंत सुमनताई थांबल्या.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आठ दिवस म्हणजे थोडे नाहीत."

"अगं, आठच तर..."

"रिक्षात मला बसवत नाही. इथं तुमच्या शेजारी बसवतं. रंगाचं राहू द्या आत्ता."

सयाजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. मंडईत भाजी घेऊन झाली की त्या 'चला' म्हणत, तेव्हा जशा दिसत, तशाच दिसत होत्या. महिनाभर आपण घरात काय काय बोललो, ते सगळं सयाजीरावांना एकदम ऐकू आलं. दाराच्या कडेवरचा हात त्यांना काढता येईना. सुमनताईंनीच त्या हातावर आपला हात ठेवला. औषधाने काळवंडलेली नखं त्यांनी पदराखाली लपवली नाहीत.

"नुसतं पॉलिश मार," सयाजीराव नवनाथला म्हणाले.

नवनाथने मशीन लावलं. सयाजीरावांनी कोपऱ्यावरून चहा आणला. सुमनताईंनी दोन घोट घेतले आणि उरलेला त्यांच्या पुढे केला. मशीनच्या आवाजात दोघांना बोलावं लागलं नाही. मधेच सुमनताईंनी बहिणीला फोन करून सांगितलं, पिठलं कर, आज जेवेन मी.

काम झालं तेव्हा दारं चकाकत होती, बॉनेट आणि टप मात्र तसेच चट्ट्याचट्ट्यांचे.

"एवढंच होतं काका," नवनाथ ओशाळून म्हणाला. "दिवाळीनंतर हवा कोरडी होईल. तवा आणा, निवांत फुल करून देतो."

"आणू," सयाजीराव म्हणाले. आवाज त्यांना हवा तेवढा मोठा निघाला नाही.

त्यांनी चावी फिरवली. सुमनताईंनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि नवनाथला जवळ बोलावलं.

"हे आणतील गाडी," त्या म्हणाल्या. "तेव्हा यांना लगेच घरी पाठवू नकोस. जरा बसू दे तुझ्याजवळ."