निबंधासाठी आजी

“मला हृदयविकारानंच मार,” देओलिंडा आजी म्हणाली. “पोट बिघडून मेलेल्या म्हातारीसाठी कोण डोळे पुसणार?”

नेलियानं तसं टाइप केलं. मेडिकल कॉलेजांनी तिला दोनदा नकार दिला होता. गुण बेताचे होते आणि ते आता वाढणार नव्हते. अर्जात जीव आणायचा तर निबंध काळजाला हात घालणारा हवा, असं सल्लागार बाई म्हणाल्या होत्या. गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्या एका मुलीनं म्हणे आपल्या आजीच्या मृत्यूवर लिहिलं होतं. नेलियाची आजी तर ठणठणीत. ही अडचण कळल्यावर आजीनं स्वतःच पुढाकार घेतला. शुक्रवारी मुदत संपत होती, आणि देओलिंडा आजीला अर्धवट काम आवडत नसे.

“ग्रासिंडानं हंबरडा फोडला, असंही लिही.”

“मी नाही फोडणार,” सूनबाई ग्रासिंडा शेगडीपाशी सूप ढवळत म्हणाल्या.

“बघ! मी मेले तरी हिला पाझर फुटत नाही.”

“आई, तू मध्ये बोलू नकोस. आजी, हे ऐक. ‘ती छाती धरून खाली कोसळली.’ चालेल?”

“छाती कशाला? नाटक आहे का ते?” आजी वैतागली. “आधी जबडा ठणकतो. दाढ दुखतेय असंच वाटतं. मग पाठीत, मधोमध, कुणी गुडघा रोवल्यासारखं होतं. जिना चढलं की जास्त, बसलं की जरा कमी. आणि घाम येतो, तोही गार.”

नेलियाची बोटं भराभर चालत होती. असं वर्णन तिला सात जन्मांत सुचलं नसतं. ती मनातून खूश झाली. मग बोटं थांबली.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवंय?”

“आजी. कधीपासून होतंय?”

आजी टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागली. “रविवारपासून. तू लिही गं. अर्ज गेला की सांगणारच होते. उगाच तुझं लक्ष उडालं असतं.”

ग्रासिंडाच्या हातातला डाव खाली पडला. नेलियानं अँब्युलन्सला फोन लावला. आत्ता आपण खूश झालो होतो, या विचारानं तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. स्ट्रेचरवरून जाताना आजी ओरडत होती, “तो कॉम्प्युटर घ्या बरोबर!”

दुसऱ्या दिवशी आजी हॉस्पिटलच्या खाटेवर फुगून बसली होती. डॉक्टरांनी हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली होती. नर्स केव्हाची गोळ्या घेऊन उभी होती, पण आजी तोंड उघडायला तयार नव्हती.

“निबंधाचं काय झालं?” तिनं नेलियाला विचारलं.

“पुसून टाकला.”

“मग आता पाठवणार काय, कपाळ?”

“यंदा काहीच नाही. वर्षभर इथंच पेशंटांची देखभाल करायचं काम धरते. मग त्यावरच लिहून पाठवते.”

आजीनं हिशेब केला. मोठा सुस्कारा सोडला.

“म्हणजे अजून वर्षभर जगणं आलं,” ती नर्सकडे वळली. “द्या बाई त्या गोळ्या.”