बंद न होणारा पंखा

जुना पॉवर सप्लाय नवं ग्राफिक्स कार्ड पेलेल, असं त्याच्यावरचं लेबल सांगत होतं. पण लेबलांवर माझा विश्वास नाही. मी तो कॉम्प्युटरमधून काढून तपासायला टेबलावर घेतला. प्लग लावून, तो एकटाच चालू व्हावा म्हणून त्याची हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडताच त्याचा पंखा फिरू लागला.

क्लिप काढली. पंखा फिरतच राहिला.

मग प्लगच उपटला. चहा गार झाला, तरी तो फिरतच होता.

“ताई, जाऊ दे ना. दुसरा आणू,” नवं कार्ड छातीशी धरून धाकटा भाऊ म्हणाला.

“का म्हणून? माझ्या टेबलावर माझंच चालणार.” मी पंख्याच्या जाळीवर तळहात ठेवला. “थांब म्हणते ना!”

पंखा निमूट थांबला.

“बघितलंस?” मी ऐटीत वळले.

भावाच्या हातात, कशालाच न जोडलेल्या कार्डाचे तिन्ही पंखे फिरत होते.