दिवाणजीला खेळाडू हवेत

एकतिसावा अर्जही पौर्णिमाने बाजूला सारला.

"काऊन वं? किती मस्त लिहिलं त्यानं!" रुचिका म्हणाली. दोघी वर्ध्याच्या एकाच शाळेत शिकवायच्या. रुचिका रोज देवळीहून बसने यायची, आणि मधल्या सुट्टीत दोघींची डोकी एका फोनवर असायची.

"उत्तर चुकलं त्याचं."

"भुताच्या खेळात कुठलं आलं बरोबर नि चूक?"

पौर्णिमाने फोन पर्समध्ये टाकला.

जाहिरात तिनेच मराठी खेळाडूंच्या एका ऑनलाइन गटावर टाकली होती; तिथून ती वर्ध्यातल्या बऱ्याच फोनांवर फिरली होती. 'साहेबाचा बंगला. भयकथेचा खेळ, दर रविवारी दुपारी. दिवाणजी गोष्ट सांगेल, तुम्ही आपापलं पात्र होऊन काय करता ते टाईप करायचं, पुढचं फासा ठरवेल. चार खेळाडू हवेत.' खाली स्वतःचं नाव न घालता तिने 'दिवाणजी' एवढंच लिहिलं होतं. आणि एक प्रश्न: 'तळघरात बंद दार आहे. आतून कुणीतरी खरवडतंय. तुम्ही काय कराल?'

कुणी कुऱ्हाड आणली, कुणी मंत्र म्हटले, कुणी सरळ पळून गेले.

खेळ मुळात अंकितदादाचा. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतलं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं आणि मागे सोयाबीनचं शेत. उन्हाळ्यात विजेची लाईन गेली की दादा डोक्याला टॉवेल गुंडाळून दिवाणजी व्हायचा. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या गोऱ्या साहेबाचा बंगला, आरशातली मेणासारखी पांढरी मडम, लुडोचा फासा आणि दोनशे पानी वही. एसटीची ड्युटी करून आलेले बाबा तिथेच खाटेवर घोरत पडलेले असायचे. ती आठ वर्षांची, दादा पंधराचा.

तळघरातलं खरवडणं ऐकून ती पहिल्यांदा रडली, तेव्हा दादा म्हणाला होता, "अवं, दार काऊन उघडतं? बाहेरूनच इचार, जेवले का म्हून. उपाशी माणूसच खरवडते."

तेव्हापासून ती दर वेळी तेच विचारायची. आतल्या मडमेने तिला कधी काही केलं नाही.

मग दादा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झाला. बाबांनी ती वही पाणी तापवायच्या बंबात घातली. दादा त्याच दिवशी निघून गेला. पुण्याहून दोन फोन आले, नंतर नंबरच बंद झाला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मधल्या काळात आई गेली. तिच्या फोटोसमोरही बाबा दादाचं नाव घेऊ द्यायचे नाहीत.

पौर्णिमाला वाटायचं, दादा कुठंही असला तरी हा खेळ दिसला तर थांबेल.

बत्तिसावा अर्ज गुरुवारी आला. नाव 'चौकीदार'. एकच ओळ होती: 'दार उघडत नाई बाहेरूनच इचारतो जेवले का'

तिने शाळेच्या पायरीवरच ती ओळ मोठ्याने वाचली.

"काय झालं वं?" रुचिका धावत आली.

"भेटला," पौर्णिमा म्हणाली.

तिने ओळख दिली नाही. घाईने हाक मारली आणि तो पुन्हा निघून गेला तर?

रविवारी जेवण झाल्यावर बाबांनी धुतलेला सदरा चढवला. "पवनारले जाऊन येतो. बसतो जरा नदीवर."

"जा ना बाबा. ऊन आहे, टोपी घेऊन जा."

"या फोनची अक्षरं मोठी करून दे वं आधी."

तिने घाईघाईने करून दिली. त्यांची पाठ वळताच दाराला कडी लावली आणि लॅपटॉप उघडला.

रुचिका होती, आणि जागा भरायला बाजूला सारलेल्या अर्जांतून परत घेतलेले नागपूरचा धनंजय नि अमरावतीची मयुरी. आणि चौकीदार. बाकीचे दहा ओळी लिहीत तोवर त्याची एक यायची. हत्यार त्याने कधी उचललं नाही. आरशाच्या खोलीत लिहिलं, 'तुमी समोर व्हा मी मांगं थांबतो'. रुचिकाचं पात्र विहिरीत पडलं तेव्हा लिहिलं, 'दोर टाकला धरून ठेव पोरी हात सोडत नाई मी'.

पौर्णिमा पडद्याकडे बघून डोळे पुसायची. दादा मोठा झाला होता. बोलणं किती मवाळ झालं होतं त्याचं.

सात रविवार गेले. घरात रविवारची जेवणं लवकर उरकू लागली, आणि बाबा दर वेळी पवनारला निघायचे. ती भाजी करताना गुणगुणायची आणि बाबा त्यावरून चिडायचे नाहीत. एकदा तर स्वतःहून म्हणाले, "मागची खोली झाडून ठेवजो." दादाची खोली. ती चकित झाली, पण विचारायची हिंमत झाली नाही.

आठव्या रविवारी बंगला संपला. 'दिवाणजी किल्ल्या खाली ठेवतो,' तिने लिहिलं. रुचिकाने रडणारे चेहरे पाठवले. धनंजयने पुढचा खेळ कधी, असं विचारलं. एकेक जण गेला. चौकीदाराच्या नावापुढचा हिरवा ठिपका तेवढा राहिला.

तिने त्याची खासगी खिडकी उघडली. 'दादा' लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं.

तेवढ्यात पलीकडून टाईप होताना दिसलं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. तिने हात मांडीवर घेतले आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने अक्षरं उमटली.

'अंकित मी तुले पयल्याच दिवशी ओळखलं. तवा खाटेवर पडून सारं आयकत होतो मी. माह्यं चुकलं लेकरा. आता घरी येजो. पौर्णिमा लय वाट पाहून राह्यली. तुहा बाबा'