मागचे दिवे

गिअरबॉक्स मिस्त्रींच्या छातीपासून वीतभर वर जॅकवर टेकला होता, आणि शेडच्या दारातून लेक विचारत होती, "बाबा, आहात ना?"

"अजून तरी आहे," गाडीखालून आवाज आला. "सतराचा पाना दे."

सत्तरीतला माणूस घरच्या घरी, एकट्याने, म्हाताऱ्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतोय, हे शेजाऱ्यांच्या पचनी पडत नव्हतं. शेवटी त्यांनीच आपापसांत कारण ठरवून टाकलं. मिस्त्रींचा गुडघा. क्लच दाबवत नसणार. मिस्त्रींनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. उलट दोन दिवस शेजाऱ्यांदेखत थोडं लंगडून घेतलं.

खरं काय ते लेकीला ठाऊक होतं. दवाखान्यात एका दुपारी आई म्हणाली होती, "एकदा तरी गाडी मध्येच बंद न पाडता चालवायची होती."

"बरी हो. ऑटोमॅटिक बसवून देतो," मिस्त्री म्हणाले होते. "क्लचच नाही म्हटल्यावर बंद पाडशील कशी?"

आई हसली. "आणि ओरडणार नाही ना?"

तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली आणि उत्तर राहून गेलं. त्याच आठवड्यात आईही गेली.

"बाबा, आई नाहीये आता," पाना देताना लेक हळूच म्हणाली.

"माहितीये मला. दाखला मीच आणला, रांगेत उभं राहून."

आईने गाडी शिकायचा प्रयत्न अकरा वेळा केला होता. मोकळं मैदान, हीच गाडी, शेजारच्या सीटवर मिस्त्री. ती क्लच सोडायची, गाडी उचकी द्यायची आणि गप्प व्हायची. मग मिस्त्री सुरू व्हायचे. "क्लच! अगं, क्लच! डोळे मिटून चालवतेस का?" मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं बॅटा टाकून बघत बसायची. अकराव्या वेळी ती उतरली, दार अलगद लावलं आणि घरापर्यंत चालत आली. दार आपटलं असतं तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

आता गाडीत एक बिघाड होता, तो कुठल्याच पान्याने निघत नव्हता. काम करताना अडचण नको म्हणून मिस्त्री रोज ड्रायव्हरची सीट मागे सारायचे. सकाळी ती पुढे असायची. पार पुढे, स्टिअरिंगला गुडघे लागतील इतकी. बुटकी असल्यामुळे आई तिथेच बसायची. मिस्त्रींनी सीटखालच्या खाचा तपासल्या. ठणठणीत होत्या. त्यांना लेकीचा संशय आला. लेकीला त्यांचा आला. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मिस्त्रींचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. बिघाड दिसत नाही, याचा अर्थ नीट शोधला नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं.

नव्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी परातीएवढा एक जाड डबा असतो. तो फिरवत फिरवत आत सारायचा आणि तीनदा टक् वाजलं की मगच बोल्ट आवळायचे. दोनदाच वाजलं तर सगळं मुसळ केरात. दोन टक् झाले. तिसरा येईना. घामाघूम होऊन मिस्त्रींनी हात काढून घेतले, पुसायला फडकं शोधलं, आणि टक् वाजलं.

"दमला असेल तोही," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले आणि बोल्ट आवळायला लागले.

रविवारी सकाळी काम संपलं. क्लचचं पेडल काढून त्यांनी खिळ्याला टांगलं. सपाट फरशीचं अंगण झाडून घेतलं. समोर भिंत, मध्ये गाडीच्या तीन लांब्या मावतील एवढी जागा. मागच्या दिव्यांच्या वायरीही नव्या टाकल्या होत्या. त्यांनी डिकी उघडी ठेवली आणि लेकीला मागे उभं केलं.

"गाडी पुढे जाईल. लाल दिवे लागले की ओरडून सांग."

"हँडब्रेक ओढल्यावर लागतात?"

"छे. पायाने ब्रेक दाबला तरच."

डिकीच्या झाकणाआडून लेकीला पुढचं काही दिसत नव्हतं. मिस्त्री पुढे आले. ड्रायव्हरची सीट आजही पुढेच होती. आज त्यांनी ती सारली नाही. वळसा घालून ते शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला. हात लांब करून किल्ली फिरवली, दांडा ड्राइव्हवर ओढला आणि हँडब्रेक सोडला. मग दोन्ही हात मांडीवर घेतले.

गाडी निघाली. ऑटोमॅटिक तशी निघतेच, कोणी काही दाबलं नाही तरी. उचकी नाही, धक्का नाही. स्टिअरिंग सरळ. भिंत जवळ येऊ लागली.

मिस्त्रींच्या घशात शब्द तयार झाला. अकराही वेळा झाला होता तसाच, मोठ्ठा. भिंत आता दोन हातांवर होती. मांडीवरचे हात त्यांनी उचलले नाहीत. त्यांनी तो शब्द दातांत धरला आणि गिळला.

"छान चाललीये," ते हळू आवाजात म्हणाले. "घाई नाही काही."

गाडी थांबली. अलगद. भिंतीपासून वीतभर अलीकडे. इंजिन चालूच होतं.

मागून लेक आनंदाने ओरडली, "लागले बाबा, दोन्ही लागले! उचला आता पाय!"