यूनुसचा उजवा खांदा

रबियाने नवऱ्याचा उजवा हात मनगटाशी धरला आणि हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. कोमट तेल तिच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. यूनुस तिच्याकडे पाठ करून चटईवर बसला होता आणि बोलत होता. मॅचच्या दिवशी त्याचं तोंड सकाळपासूनच सुरू व्हायचं.

"त्यांचा तो डावखुरा ओपनर आहे ना, त्याला पहिलाच बॉल आत आणतो की नाही बघ."

"मला त्यातलं आत काय नि बाहेर काय कळतंय," रबिया म्हणाली.

एकोणीस वर्षं हा खांदा तिच्या ताब्यात होता. दापोलीकडच्या स्पर्धा गाजवणाऱ्या यूनुसला कंपनीने उचलून कुवेतला आणलं, ते आपल्या टीमसाठी. कागदावर तो स्टोअरकीपर. खरी नोकरी शुक्रवारची, बॉलिंगची. आता त्रेचाळिशीत वेग कधीच गेला होता, टप्पा तेवढा राहिला होता. अशा खेळाडूसाठी कंपनीकडे जागा एकच. नवा बॉलर आला की जुन्याने सामान बांधायचं.

त्यांचा मुलगा आमिर पुढच्या महिन्यात एकवीस पूर्ण करणार होता. मग बापाच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, त्याचं नाव राहणार नव्हतं. दुसरीकडे नोकरी मिळत नव्हती. दोन वर्षांचा असताना आलेलं पोर ते, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारं. दापोलीला जाऊन करणार काय? पण बॉल मात्र असा टाकायचा की रिग्गईतल्या गल्लीत त्याच्यासमोर बॅट घेऊन कुणी उभं राहत नसे.

सोमवारी रबिया एकटीच राजनला भेटून आली होती. राजन नाशिकचा, कंपनीत इंजिनियर आणि टीमचा मॅनेजर.

"राजनभाई, यांच्या जागेवर आमिरला घ्या. आम्ही दोघं जातो गावाला."

"भाभी, माझ्या हातात असतं तर केलं असतं. कंपनीचा अरबाब स्वतः येतोय फायनल बघायला. मॅच जिंकून देणाऱ्याला मालक सोडत नसतो. यूनुसने तीन-चार विकेट काढल्या, तर आणखी दोन वर्षं धरून ठेवील."

"आणि नाही काढल्या तर?"

राजनने तिच्यापुढे चहा सरकवला.

नवऱ्याला सांगायचं तिने तीनदा ठरवलं, तीनदा भाजी चिरत बसली. सांगणार काय, की तुमचा मुलगा तुमच्याहून जोरात टाकतो? ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो आमिरबरोबर नेटमध्ये जायचं टाळायचा.

हात कानापाशी आला. रोज ती इथेच थांबायची. बनेद अल-गारच्या दवाखान्यातल्या फिजिओ जवेरियाने बजावलं होतं, हात कानापर्यंत न्यायचा, कानामागे अजिबात नाही. आतला स्नायू अर्धा फाटलाय, उरलेल्या अर्ध्यावर सगळं चाललंय.

"आमिरला उठव गो," यूनुस म्हणाला. "म्हणावं, आज अब्बाची बॉलिंग बघायला चल. झोपून राहू नको."

"उठवते."

तिने हात कानामागे नेला. दोन बोटं. मग आणखी दोन. मग डोळे मिटून हिसका दिला. आत काहीतरी सुटलं. तिच्या तळव्याला ते कळलं. यूनुसचा श्वास अडकला. मानेवर घाम फुटला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आज गाठ मोकळी झाली वाटतं. तुझ्या हाताला तोड नाही."

रबियाने ओढणीने त्याची पाठ पुसली.

मैदानावर गाड्यांच्या सावलीत बायका-पोरं बसली होती. पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला अरबाब खुर्चीवर होता. यूनुस नव्या बॉलने धावत आला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. बॉल हातातून निसटून अर्ध्या वाटेवर दोनदा उडाला. डावखुऱ्याने बॅटसुद्धा उचलली नाही, वाकून बॉल उचलला आणि यूनुसकडे घरंगळत सोडला. "चाचा, आराम से," कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. यूनुस खांदा धरून मॅटवर बसला होता. अरबाब फोन बघत होता.

गाडीत दोघंच होती. आमिर बर्फ आणायला पळाला होता. रबियाला रडू आवरेना. ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

"रडतेस कशाला," यूनुस म्हणाला. "काही बिघडलेलं नाही. बुधवारीच ऑफिसात जाऊन राजीनाम्यावर सही करून आलो. माझी जागा आमिरला. अरबाब हो म्हणाला. मॅच झाल्यावर सांगणार होतो, नाहीतर दोन दिवस रडत बसली असतीस."

रबियाच्या हातातली ओढणी तशीच राहिली. "मग आज खेळलात कशाला?"

यूनुस काचेतून मैदानाकडे बघत होता. दुसरा कुणीतरी त्याची ओव्हर पुरी करत होता.

"एकोणीस वर्षं व्हिसासाठी बॉल टाकला गो. एकदा नुसता टाकायचा होता."